सरलष्कर कराळप्पाची मोहीम

नाही मिळायचा. सरलष्कर मिळायचा नाही, त्याला सांग जाऊन — आणि स्वल्प आत तरी ये, अम्मा, उंबऱ्यावर उभी राहून पिशवी काय पुढं करतेस, रेशनला आल्यासारखी? चपला तिथं काढ. बैस. ती खुर्ची नको, ती त्याची आहे, या स्टुलावर बैस. प्रांजली म्हणालीस ना नाव? दयानंदच्या माडीवर भाड्यानं राहतेस, मल्लेश्वरमात, कॉम्प्युटरचं काम, गाव पुणे. पुणे सांगायची गरज नव्हती — 'पिराजीकाका आहेत का' एवढं विचारलंस त्यातच आलं सगळं. आमचं मराठी ऐकून तुला हसू येत असेल; येऊ दे. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलेली माणसं आम्ही, पावणेचारशे वर्षं कन्नडात राहून एवढं सांभाळलंय. तुम्ही लोक चार वर्षं हिंदीत राहून काय सांभाळता ते बघतोय मी. 'दयानंदकाकांनी पाठवलंय' म्हणालीस, तिथंच मला कळलं त्याला काय हवंय, पुढचं ऐकायची गरज नाही. तीन वर्षं झाली. तीन वर्षांत या माणसानं राजाजीनगरात पाऊल टाकलं नाही — मल्लेश्वरमातून इथं, म्हटलं तर चालत येईल — आणि आता भाडेकरणीच्या हाती पिशवी देऊन सरलष्कराला बोलावणं धाडतो. पाय मोडलेत का त्याचे? नाहीत ना? मग?

बघायचाय तुला? बघ. त्या टेबलावरचं प्लास्टिक उचल — हळू! दोन्ही हातांनी! धूळ आत पडता कामा नये. हं. काय दिसतंय? खेळणी दिसतात, माहीत आहे मला, माझी सूनही तेच म्हणते — मामा, हे भंगार काढलं तर इथं वॉशिंग मशीन बसेल. भंगार म्हणे! हा जो बर्फ चकाकतोय ना, तो लेथवरचा कीस आहे, ॲल्युमिनियमचा, चाळणीनं चाळून घेतलेला. हे कलंडलेलं जहाज जुन्या गिअरांचं आहे, एकेका दातावर कानस फिरवलीय मी. जमीन, जहाजं, यंत्रं माझी, माणसं दयानंदची. एका कारखान्यात होतो आम्ही, टूलरूमला, एकतीस वर्षं. तो मुशीत पांढरा धातू वितळवून माणसं ओतायचा आणि तीन केसांच्या ब्रशनं अंगठ्याएवढ्या शिपायाच्या भुवया रंगवायचा. बावीस वर्षं हा खेळ चालला, दर रविवारी, दहा ते एक. आणि विकतचा नाही हो हा — त्या मॉलमधे मिळतात ना प्लास्टिकचे, डबा उघडला की तयार, सगळ्यांची तोंडं सारखी, सगळे शूर, सगळे गोंडस — थू! आमचं जग आमचं, आमचे नियम आमचे.

हा बघ, दोरावर लटकलाय तो. काळं चिलखत, एक डोळा काचेचा, काखेत पेटी. सरलष्कर कराळप्पा. कराळ माझं, अप्पा दयानंदनं लावलं, अप्पा लावल्याशिवाय इथं कोणाचा दरारा वाटत नाही. हात लावू नकोस! खेळ अर्धा आहे. अर्ध्या डावातलं काही हलवायचं नाही, हा पहिला नियम. एक दान राहिलंय, दयानंदचं, तो फासा बघ त्याच्या बाजूला पडलाय, तीन वर्षं मी तोही हलवलेला नाही, भोवतीनं पुसतो. आता तूच सांग, कराळप्पा तुझ्या पिशवीत घालून दिला तर डाव कुठं उरला? डाव आहे तोवर त्याला यावं लागेल. आज ना उद्या. अर्धं काम टाकून झोप लागणारा माणूस नव्हे तो, मी ओळखतो त्याला, एकदा फिक्स्चरचा एक स्क्रू राहिला म्हणून लग्नाच्या पंगतीतून उठून कारखान्यात आला होता. म्हणून देणार नाही. हेच त्याला सांग. हवा असेल तर ये आणि दान टाक.

चहा घेतेस? सून नाही घरात, मलाच करावा लागेल, म्हणजे नको म्हण. सरी, बरं.

तर साल नव्वद हजार. सूर्य विझलाय, म्हणजे निखारा उरलाय, पापड भाजायचा नाही त्याच्यावर. माणसं जहाजांच्या पोटात जन्मतात आणि तिथंच मरतात. वर एक बादशहा, त्याला कोणी बघितलेलं नाही, आणि खाली हा. वाईट माणूस, अम्मा. तीन चंद्र जाळले यानं — का? पाणी मोजून दिलं म्हणून! मला नायक चालत नाही. नायकाला काय, कथाच उचलून पलीकडं नेते त्याला. वाईट माणसाला स्वतःच्या अकलेवर पलीकडं जावं लागतं. मी फक्त कराळप्पा खेळायचो, बाकी सगळं दयानंद — थंडी तो, भुतं तो, दैव तो. तर झालं काय, एका लढाईत कराळप्पाची फौज पुरी कापली गेली. बादशहाचा हुकूम आला, दहा दिवसांत फौज उभी कर नाहीतर तुझं कातडं दरवाजावर. आता मेलेली फौज उभी कुठून करायची? एकच जागा. रौरव नावाचा ग्रह, सगळा गोठलेला — हाच, तुझ्या कोपरापाशी — त्याच्या बर्फात नऊशे वर्षांपूर्वी एक जहाज कोसळलंय आणि त्या जहाजात बीजपेटी. मेलेल्या प्रत्येक शिपायाचं बी आहे त्या पेटीत. पेरलं की तोच माणूस पुन्हा उगवतो, तेच तोंड, तीच चाल, तोच आवाज. ती पेटी काढून आणायची. आजवर जो गेला तो परत आलेला नाही.

सहा माणसं घेऊन उतरला. रौरवचं धुकं श्वास खातं — तर सात माणसांना हवेची नळकांडी सहा. आता तू काय केलं असतंस? चिठ्ठ्या टाकल्या असत्यास, मीटिंग घेतली असतीस! कराळप्पानं वैद्याच्या पाठीवरचं नळकांडं काढून घेतलं, कारण वैद्य स्वतः आजारी पडत नाही असं त्याचं मत होतं. वैद्य गेला. जहाजात शिरले तर पहारेकरी जागे — अर्धं माणूस अर्धं लोखंड, नऊशे वर्षं झोप नाही. तिघांना म्हणाला, तुम्ही अडवा, मी आलोच. आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दयानंद हसून हसून खोकायला लागला होता त्या रविवारी, डोळे पुसत म्हणाला, काय नीच माणूस आहे रे तुझा! त्याला आवडायचा कराळप्पा. आणि पेटीचं कुलूप असं, की त्यात जिवंत हात घालायचा, आणि हात परत मिळत नाही. तो सुरुंगवाल्याचा गेला, आणि मागोमाग सुरुंगवाला. आणि आमच्याकडं मेला म्हणजे मेला — शिपाई घोट्याला धरायचा आणि मोडायचा, कट्, आणि पाव-रस्कचा डबा आहे तो त्या फळीवर, त्यात टाकायचा. जोडायचा नाही, परत उभा करायचा नाही. दुसरा नियम. रडवेले लोक विचारतात, एवढ्या मेहनतीनं रंगवलेला मोडता कसा? अरे, मोडायची भीती नसेल तर हात का थरथरेल? सात रविवार चालली ही मोहीम. सातव्या रविवारी कराळप्पाजवळ पेटी होती आणि एकच माणूस उरला होता. निशाणबारदार.

आता हे जरा नीट ऐक. पूल मोडलेला. खाली जहाजाची भट्टी, अजून रसरसलेली, तो लाल कागद आहे ना, तीच. वर एक दोर आणि कप्पी. कप्पी पेलणार किती? सरलष्कर आणि पेटी. नाहीतर सरलष्कर आणि निशाणबारदार. तिन्ही नाही, वजन मीच ठरवलं होतं, कप्पी माझी. मागं पहारेकरी दार फोडतायत. निशाणबारदारानं एका हातानं दोर धरलाय. मी म्हणालो, कराळप्पा त्याचा हात तोडतो. झालं! मोहिमेचं तर्कशास्त्र आहे, पोरखेळ नाही. आणि दयानंद — बावीस वर्षांत, अम्मा, या टेबलावर कोणी कोणाला 'फिरून विचार कर' म्हटलेलं नाही — तो माझ्याकडं न बघता म्हणाला, 'पिराजी, पेटी टाकता येईल रे.' पेटी टाकता येईल! जिच्यासाठी पाच माणसं घातली ती टाक म्हणे! मी म्हणालो, कराळप्पा पेटी टाकत नाही. आणि घेतला निशाणबारदार, घोट्याला धरला आणि मोडला. यानं काय करावं? उठला. मांडी टेबलाला लागली, सगळं जग हाललं, आणि जिना उतरून गेला. दान न टाकता. सहा पडला असता तर दोर तुटला असता, कराळप्पा भट्टीत. बाकी काहीही पडलं तर पार. तेवढं एक दान न टाकता, चष्माही इथं विसरून. फोन केला तर सौम्या, त्याची मुलगी, ती उचलायची — बाबा झोपलेत. सकाळी अकराला झोपलेत!

काय बघतेस? सांगितलंय वाटतं तुला कोणी. माडीवरच्या माणसाला खालचं सगळं ऐकू येतं. हो, त्याचा मुलगा. शौर्य. या मोहिमेच्या आदल्या वर्षी गेला, आनेकलच्या रस्त्यावर, सकाळच्या पाळीला जाताना, लॉरी. सव्वीस वर्षांचा. पण त्याचा इथं काय संबंध? चार रविवार दयानंद आला नाही, पाचव्याला आला, त्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, कोणाचं दान? आपण दान टाकलं. बोललो नाही. तुम्ही हल्ली बोलता सगळं, हमसून हमसून, मिठ्या मारून, आम्ही नाही. टेबल कशासाठी असतं? आणि मला कसं कळणार की एका शिपायात त्यानं काय रंगवलंय? अंगठ्याएवढा धातूचा तुकडा, त्यात काय ओळखणार माणूस!

नव्वद हजार सालात चष्मा असतो का कोणाला, तूच सांग. बादशहाच्या फौजेत चष्मा! मोहिमेच्या पहिल्या रविवारी रुमालात गुंडाळून आणला होता त्यानं निशाणबारदार, असा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, नवीन आहे, सांभाळ. हे त्यानं कधी कोणाबद्दल म्हटलं नव्हतं. मी उचलला, बघितला — निशाण डाव्या हातात. त्याची सगळी माणसं उजवी, साचाच तसा. हा मुद्दाम वेगळा ओतलेला. आणि तारेचा चष्मा, केसाएवढी तार, ती वाकवायला त्याला किती दिवस लागले असतील. मी म्हणालो काय माहिती आहे? 'हा काय आंधळा पाठवलास रे फौजेत.' असं म्हणालो. हसलो. तोही हसला, जरासा.

कळलं होतं ना मला. पहिल्याच रविवारी कळलं होतं, शौर्य डावखुरा, चष्मेवाला. हे असं का बघतेस, मी चोर आहे का? सात रविवार तो माझ्यासमोर उभा, या इथं, माझ्या उजव्या हाताला — बघत. तुला वाटेल म्हातारा भ्रमिष्ट आहे. रंगवलेलं तोंड बघत नाही, कळतं मला! पण दयानंदचा हात चांगला होता, अम्मा, फार चांगला होता. त्या पोराला माझ्याकडं बघायची सवय तशीच होती, काही विचारायचं असलं की नुसतं बघायचा. पिराजीमामा, ते काम घेऊ का? घरापासून लांब पडतं, पहाटे निघावं लागेल, आई नको म्हणते. आणि मी काय म्हणालो? मी त्याला हसलो. म्हणालो, आईच्या पदराला बांधून घे मग, सव्वीस वर्षांचा घोडा झालास. आनेकलच्या त्या कारखान्याचा मॅनेजर माझ्या हाताखाली शिकलेला, फोन मी केला, काम मी लावलं, मोटरसायकल घे म्हणूनही मीच — बसनं जातात ते क्लार्क, असं म्हणालो. दयानंदनं एक शब्द काढला नाही माझ्यापुढं. एक शब्द. काढायला हवा होता! या टेबलावर डोकं आपटून शिव्या घालायला हव्या होत्या त्यानं मला, तर मी पाय धरले असते. ते नाही, तर रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला, सांभाळ म्हणाला. कोण सांभाळणार? मी? ते सात रविवार मला श्वास घेता आला नाही इथं, आणि कप्पीचं वजन ठरवायची वेळ आली तेव्हा मी तिघांचं का नाही ठरवलं? माझीच होती ना कप्पी? मला नजरेसमोर नको होता तो. एवढंच. कराळप्पा, पेटी, तर्कशास्त्र — सगळं झूट. मला नको होता.

हे तू ऐकलं नाहीस. पुण्याची माणसं शहाणी असतात म्हणतात, तर शहाणपण दाखव आणि विसरून जा. घे ती पिशवी आणि सांग त्याला, सरलष्कर देत नाही म्हणाला. नीघ.

काय? सरलष्कर नको? मग कशाला आलीस इतक्या... बोल, मोठ्यानं बोल. निशाणबारदार. मोडकाच असला तरी दे म्हणाला? दोन्ही तुकडे. जोडणार? जोडायचा नसतो तो, नियम त्याचाच आहे, माझ्याहून तो कडक होता नियमाला — पुन्हा सांग. या रविवारी. दहा वाजता. त्याला जोडून घेऊन येतो आणि राहिलेलं दान टाकतो, असं म्हणाला? याच शब्दांत? अय्यो, मग हे आल्या आल्या का नाही सांगितलंस! मी बोलू दिलं नाही. हो. मी बोलू दिलं नाही. सरी.

नको, फळीवरचा डबा काढू नकोस. डब्यात वैद्य आहे, सुरुंगवाला आहे, तिघं आहेत ते पण आहेत. तो नाही. स्वल्प थांब, मला बसू दे. ही त्याची खुर्ची. बसतो, काय होतंय.

तो उठला तेव्हा टेबल हाललं म्हणालो ना, तेव्हा कराळप्पा खाली पडला. फरशीवर. पायाखालची चकती फुटली, आणि घोट्यापासून सुटला. म्हणजे आमच्या नियमानं तोही मेला, कळलं का? त्या क्षणी. दयानंद जिन्यात होता, त्यानं बघितलं नाही. मी एकट्यानं बघितलं. आणि मला वाटलं, दयानंद उद्या येईल, परवा येईल, आणि कराळप्पा नसेल तर डाव कशाचा? दुसऱ्या दिवशी सकाळी मूस पेटवली. घरात धातू दुसरा होता — खोटं कशाला बोलू, डबाभर होता. पण मी निशाणबारदार घेतला. तो घरात नको होता मला, मोडलेला सुद्धा, चष्मा तसाच होता त्याचा, मोडून पडला तरी चष्मा तसाच. वितळायला वेळ लागत नाही पांढऱ्या धातूला, चहाला उकळी येईतो झालं. निशाण आधी गेलं. ओतला, चकती केली, कराळप्पा तिच्यावर जोडला आणि पुन्हा दोरावर टांगला. तीन वर्षं तसाच लटकलाय.

नाही, 'सापडला नाही' म्हणून नको सांगू. आत्ता तेच सुचलं होतं मला, तुझ्या तोंडानं बोलवून घ्यावं. तोंडापर्यंत आलं होतं. इकडं आण पिशवी. बघ, मी हलवतोय, माझ्या हातानं सोडवतोय दोरावरून, खेळ गेला. रुमाल आहे का तुझ्याकडं? दे. असा गुंडाळ, डोकं वर. पेटी राहू दे काखेत, ती चिकटवलेली आहे. त्याला काही बोलू नकोस तू. समजावून सांगायला जाऊ नकोस, काकांना वाईट वाटतंय वगैरे — खबरदार! नुसता हातात दे. तो उलटा करून खालून बघणार, सवयच आहे त्याची, आणि चकती बघितली की कोणी ओतलीय ते त्याला कळतं, माझ्या ओतकामाला नेहमी बुडबुडे राहतात, एकतीस वर्षं हसलाय तो त्यावर. आणि धातू कुठला तेही कळेल. मग रविवारचं त्याचं तो ठरवील. बस नंबर वगैरे मला विचारू नकोस, फोनात बघ. चपला घाल. ऊठ, जा म्हणतो ना — आणि दार ओढून घे.